निधी संकलन कक्षातली माणसं टिकत नाहीत, मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी काय करावं?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी व निधी संकलन कक्षासाठी माणसं नेमायचं काम माझ्याकडे आहे. जागा चार: एक प्रमुख, दोन समन्वयक आणि एक हिशेब व डेटा सांभाळणारा. सगळ्या ऑर्डरी अकरा महिन्यांच्या, एकत्रित मानधनावर. जाहिरात दिली की अर्जांचा ढीग येतो. एमबीए, एमएसडब्ल्यू, पत्रकारितावाले, नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारे, सगळेच असतात. त्यातली चांगली निघालेली मुलं काम हाताला लागलं की पुण्या-मुंबईच्या संस्थांत किंवा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व निधी) विभागांत जातात. मागे उरते अर्धवट एक्सेल शीट, आणि "आधीच्या मॅडमशी आमचं बोलणं झालं होतं" असं सांगणारे देणगीदार.

नेमताना नेमकं काय बघावं? पहिल्या वर्षात काय शिकवावं? मानधन एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नसेल तर माणूस कशानं थांबतो? आणि वसुलीवर कमिशन द्यावं का? अनुभवी लोकांनी तपशिलात सांगावं ही विनंती.

बालाघाट

गोदाकाठ, मानधनाकडे नंतर येऊ. आधी ऑर्डरची मुदत बघा.

पाच-दहा लाखांची वैयक्तिक देणगी पहिल्या भेटीपासून रक्कम जमा होईपर्यंत सहज दीड-दोन वर्षं घेते. ओळख होते, दोन-तीन भेटी होतात, कॅम्पस दाखवणं होतं, घरच्यांशी त्यांचं बोलणं होतं, कशासाठी द्यायचं ते ठरतं, मग मसुदा. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा माणूस हे काम सुरू करू शकतो, तडीस नेऊ शकत नाही. सातव्या-आठव्या महिन्यापासून तो पुढची नोकरी शोधायला लागतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ऑर्डरवर सही होते त्याच दिवशी त्याचं जाणं ठरलेलं असतं.

म्हणून पहिली मागणी ही करा: विद्यापीठ निधीतून तीन वर्षांची करारनियुक्ती, दरवर्षी कामाचा आढावा, आणि हे सगळं व्यवस्थापन परिषदेच्या ठरावात. नुसत्या कुलगुरूंच्या टिपणीवर चालणारा कक्ष दर पाच वर्षांनी हादरतो, कारण २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं त्यांची मुदतच पाच वर्षांची आहे. नव्या साहेबांचं प्राधान्य वेगळं असू शकतं. ठरावात वार्षिक वाढीचा टक्का लिहून घ्या, आठ ते दहा ठीक. आणखी एक वाक्य आवर्जून घाला: या कक्षातल्या कर्मचाऱ्यांना परीक्षा, नॅक मूल्यांकन किंवा दीक्षान्त समारंभाच्या कामासाठी वर्ग करू नये. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा विभागाला माणसं कमी पडतात आणि सगळ्यात आधी याच कक्षाकडे बोट दाखवलं जातं. नेमके तेच दिवस कंपन्यांच्या वर्षअखेरीचे आणि नव्या बजेटचे असतात.

आता कुणाला घ्यावं. फर्डं बोलणारा उमेदवार मुलाखतीत उजवा ठरतो आणि खुर्चीवर बसल्यावर फसतो, कारण हे काम ऐकून घेण्याचं आहे. तोंडी मुलाखत वीस मिनिटांवर आणा आणि उरलेला वेळ चाचणीला द्या. एका जुन्या देणगीदाराची फाईल नाव झाकून हातात ठेवा. पाऊण तासात दोन गोष्टी मागा: एक पानी आभाराचं पत्र, आणि पुढच्या भेटीत विचारायचे तीन प्रश्न. पत्रात देणगीचा उद्देश बरोबर आलाय का, रक्कम आणि तारीख अचूक आहे का, शुद्धलेखन कसं आहे, हे तपासा. प्रश्नांवरून तर सगळंच कळतं. "अजून किती देऊ शकाल?" लिहिणारा आणि "तुम्ही शिकत होता तेव्हा होस्टेलची काय अवस्था होती?" लिहिणारा यांतला दुसरा घ्या. भाषा तिन्ही हव्यात: पत्र मराठीत, ईमेल इंग्रजीत, फोन हिंदीत. दखनी कळत असेल तर संभाजीनगर, बीड, नांदेडात त्याचा फार उपयोग होतो.

माणसं कुठं शोधायची? बँकेत किंवा एलआयसीत काम केलेल्यांना पैशाचा विषय काढताना संकोच वाटत नाही, हा मोठा गुण. एनएसएसमधून आलेली, याच विद्यापीठात शिकलेली मुलं चांगली. पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गट म्हणजे पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षं नोकरी करून लग्नामुळे, जोडीदाराच्या बदलीमुळे किंवा आईवडिलांसाठी परत आलेल्या स्त्रिया. अनुभव तयार असतो आणि इथं राहण्याचं कारण पक्कं असतं. त्यांना साडेदहा ते साडेपाचच्या हजेरीपेक्षा वेळेची थोडी सवलत महत्त्वाची वाटते. बाहेरगावच्या भेटी दिवसाउजेडी, दोघींनी मिळून आणि ऑफिसच्या गाडीनं, एवढी व्यवस्था आधीच लेखी द्या.

रोजमेळ

प्रशिक्षणाबद्दल लिहितो. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात देणगीदाराकडे पाठवू नका. पहिला महिना त्याला पावती टेबलावर बसवा. देणगी कुठून येते, कुठल्या खात्यात जाते आणि कुठं अडकते हे तिथंच कळतं.

या महिन्यात त्याला पुढचं तोंडपाठ व्हायला हवं. ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचा, लाभ हवा असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीत चालत नाही. वर्षभराच्या देणग्यांचं १०बीडी विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला पोचवायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. पॅन चुकीचा लिहिला गेला की देणगीदाराची वजावट अडते आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. म्हणून देणगी स्वीकारतानाच पॅन आणि त्यावरचं नाव पडताळून घ्यायची सवय लावा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यानं कलमांचे आकडे बदलतात. छापील पावत्या आणि माहितीपत्रकं एकदा सीएकडून तपासून घ्या.

इथं एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी निसटते. पगारदार माणूस नव्या कर प्रणालीत असेल तर त्याला ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून मूळ पर्याय नवी प्रणाली हाच आहे. तरी आपली मुलं फोनवर "सर, टॅक्स वाचेल" याच वाक्यानं सुरुवात करतात. समोरचा शिक्षक किंवा तहसीलदार हिशेबाला पक्का असतो, त्याचा तिथंच विश्वास उडतो. उद्देश सांगा. कर हा शेवटी विचारला तर सांगायचा विषय.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत नियम नीट शिकवा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती विदेशी देणगी धरली जात नाही. ज्यानं अमेरिकेचं वा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड का असेना, त्याचा पैसा एफसीआरए या विदेशी देणगी नियमन कायद्याखाली येतो. तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा. म्हणजे रक्कम बोलण्याआधी नम्रपणे नागरिकत्व विचारायचं. हे न विचारता क्यूआर कोड पाठवणारा समन्वयक विद्यापीठाला अडचणीत आणू शकतो.

दुसरा-तिसरा महिना डेटाचा. जुन्या पदवी नोंदवह्या, दीक्षान्ताच्या याद्या, विभागांचे व्हॉट्सॲप ग्रुप. एका माणसाची एकच नोंद, प्रत्येक नोंदीला संमती घेतल्याची तारीख (२०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यामुळे ही सवय आत्तापासून हवी), आणि प्रत्येक संभाषणानंतर चार ओळी: काय बोललो, त्यांना कशात रस दिसला, आपण काय कबूल केलं, पुढचा फोन कधी. या चार ओळी त्याच दिवशी लिहायच्या. आठवड्यानं लिहिलेल्या नोंदीत कबूल केलेली गोष्ट हमखास गळते.

चौथ्या महिन्यापासून ज्येष्ठ माणसाबरोबर भेटी. सहाव्या महिन्यात स्वतःचे ४०-५० देणगीदार द्या. पूर्ण तयार माणूस शंभर-सव्वाशे सांभाळू शकतो, त्यापुढे नुसते सणाचे मेसेज जातात.

पदकांच्या ठेवी हे शिकवण्यासाठी उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांत जुन्या देणग्या बहुतेक सुवर्णपदकांसाठी आणि पारितोषिकांसाठी ठेवलेल्या असतात. दोन लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला १४ हजार येतात, व्याज साडेपाचवर आलं की ११ हजार. पदकाची किंमत मात्र वाढत जाते. करारात "व्याज अपुरं पडल्यास काय" हे कलमच नसतं, मग फरक विद्यापीठाच्या माथी किंवा पदक बंद. नव्या माणसाला अशा दहा ठेवींचा हिशेब मांडायला लावा आणि मूळ देणगीदारांच्या वारसांना सभ्य पत्र लिहायला लावा. कराराचा मसुदा, वित्त व लेखा अधिकाऱ्यांशी बोलणं आणि अवघड विषय देणगीदारापुढे मांडणं, तिन्ही एका कामात शिकून होतं. शिवाय त्यातले काही वारस ठेवीत भर घालतात.

शेंद्रा_सीएसआर

कंपनीच्या बाजूनं लिहिते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालन्याचा स्टील आणि बियाणे उद्योग, एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना आपल्या विद्यापीठांचे प्रस्ताव येतात ते "संगणक प्रयोगशाळेसाठी ५० लाख द्यावेत" अशा एका पानाचे. त्यामागे सीएसआर कळणारा माणूस नाही हे लगेच लक्षात येतं.

तुमच्या समन्वयकाला एवढं यावं. कंपनी कायद्यातली सीएसआरची अट कुणाला लागू होते: नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक गाठणाऱ्या किंवा ओलांडणाऱ्या कंपनीला. खर्च किती: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ अंमलबजावणी संस्था म्हणून पात्र आहे, तीन वर्षांच्या कामाची अट इतर संस्थांना असते. सीएसआर-१ या फॉर्मवर मिळणारा नोंदणी क्रमांक मात्र हवाच. शासकीय निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतलं विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यकातलं संशोधन त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये (सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत) स्वतंत्रपणे दिलेलं आहे, पण ते प्रस्तावात कुणी लिहीत नाही.

वेळ पाळा. बजेट साधारण एप्रिल ते जूनमध्ये ठरतं, म्हणून पहिली भेट जानेवारी-फेब्रुवारीत हवी. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात फाईल घेऊन आलात तर कुणाला वेळ नसतो.

आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. पहिला हप्ता खर्च होऊनही ते प्रमाणपत्र तीन-चार महिने येत नाही, कारण खरेदीची फाईल फिरत असते. दुसरा हप्ता त्यामुळे अडतो आणि सगळा राग तुमच्या पोरावर निघतो. इकडून आम्ही विचारतो, तिकडून लेखा विभाग दाद देत नाही. या दोन्हींच्या मध्ये चेपला गेलेला माणूस नोकरी सोडतो. लेखा विभागातला एक सहायक लेखी आदेशानं या कक्षाशी जोडून द्या आणि प्रत्येक टप्प्याला दिवस ठरवा. त्यानं जेवढी माणसं थांबतील तेवढी पाच हजार वाढवून थांबणार नाहीत.

तेरणा

वरचं सगळं पटलं, पण माणूस पैशासाठीच जातो हेही खरं. मानधनाला मर्यादा असेल तर जमा केलेल्या रकमेवर दोन टक्के द्यायला काय हरकत आहे? विमा एजंटला मिळतंच की. लातूरच्या क्लासवाल्यांकडेही प्रवेशामागे पैसे देऊन माणसं ठेवतात.

बालाघाट

तेरणा, हरकत आहे, आणि ती कामाच्या सोयीचीच आहे.

दहा लाखांची देणगी तीन जणांच्या कामातून येते. ज्यानं आठ वर्षांपूर्वी त्या विद्यार्थ्याला फीमध्ये सवलत मिळवून दिली तो लिपिक, ज्यांनी गाईड म्हणून सांभाळलं ते प्राध्यापक, आणि शेवटी भेटायला गेलेला समन्वयक. दोन टक्के शेवटच्यालाच मिळाले की पुढच्या वेळी पहिले दोघे नंबर देत नाहीत. दुसरं, कमिशनवरचा माणूस आज मिळणारा पन्नास हजारांचा चेक घेतो आणि दोन वर्षांनी मिळू शकणारे दहा लाख सोडून देतो. तिसरं, देणगीदारानं "माझ्यातले किती तुम्हाला?" असं विचारलं तर खरं उत्तर देता यायला हवं. निधी संकलकांची आंतरराष्ट्रीय संघटना एएफपी आपल्या आचारसंहितेत टक्केवारीवरच्या मोबदल्याला मनाईच करते.

कामाप्रमाणे द्यायचंच असेल तर पूर्ण कक्षाला मिळून वार्षिक प्रोत्साहन द्या, फार तर एका महिन्याच्या मानधनाएवढं. ते मोजा अशा गोष्टींवर: पावती तीन दिवसांत गेली का, आभाराचा फोन दोन दिवसांत झाला का, आणि गेल्या वर्षी देणाऱ्या शंभरांपैकी या वर्षी किती जणांनी पुन्हा दिलं. तिसरा आकडा सगळ्यात बोलका. पुन्हा देणारे वाढत असतील तर कक्ष नीट चाललाय, रक्कम त्या वर्षी कमी असली तरी.

आपल्याकडच्या माणसाला देणं नवं नाही. सप्ताहाची वर्गणी गावोगाव निघते आणि काल्याच्या दिवशी जमा-खर्च माईकवर वाचला जातो. विद्यापीठाला देणगी दिल्यावर तसा हिशेब कानावर पडत नाही, म्हणून हात आखडतो. समन्वयकाला वर्षातून एकदा प्रत्येक देणगीदारापुढे असा हिशेब ठेवू द्या. चांगला माणूस अशा कामात रमतो. नुसतं "मागायला" पाठवलात तर वर्षात कंटाळतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. रोजमेळ यांचा पावती टेबलाचा मुद्दा लगेच अमलात आणण्यासारखा आहे. एक अडचण उरते. तीन वर्षांचा करार मागितला की परिषदेत दोन प्रश्न येतात: "कक्षावर खर्च किती, जमा किती?" आणि "आयआयटीला शेकडो कोटी मिळतात, आपल्याला का नाही?" याला उत्तर काय द्यावं? आणि इतकं करूनही माणूस गेलाच तर काम कसं वाचवावं?

मांजरा

आयआयटीचं उदाहरण परिषदेत आपल्याच बाजूनं मांडा. जून २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी जाहीर केले, ते त्यांच्या तिथल्या प्रवेशाला ५० वर्षं झाली त्या निमित्तानं, आणि त्याआधी त्यांनी ८५ कोटी दिलेले होते. एवढा काळ नातं सांभाळणारी यंत्रणा मागे असते. शिवाय आपले माजी विद्यार्थी वेगळे आहेत. शिक्षक, पोलीस, महसूल, ग्रामसेवक, छोटे उद्योजक, शेतकरी. एकरकमी दहा लाख देणारे थोडे, महिन्याला पाचशे देऊ शकणारे हजारो. चारशे जणांनी यूपीआय ऑटोपेवर महिना ५०० चालू केले तर वर्षाला २४ लाख होतात. त्यासाठी उद्देश जवळचा हवा. दुष्काळी वर्षात होस्टेलच्या पोरांची मेसची थाळी म्हटलं की २०१५-१६ आठवणारा माणूस लगेच तयार होतो. शेतकरी माजी विद्यार्थ्याला जून-जुलैत पेरणीच्या तोंडावर फोन करू नका. सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे करा.

खर्चाचं गणित असं मांडा. प्रमुख ७५ हजार, दोन समन्वयक प्रत्येकी ४०, हिशेब-डेटा २८: महिन्याला १ लाख ८३ हजार, वर्षाला सुमारे २२ लाख. प्रवास, सॉफ्टवेअर, मेळावे धरून आणखी सहा, म्हणजे २८ लाख. परिषदेला स्पष्ट सांगा की पहिल्या वर्षी जमा याहून कमी राहील, दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली तर चांगलं, आणि खरा निकाल तिसऱ्या वर्षानंतर बघायचा. पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट रुपयांत देऊच नका. पडताळलेल्या नोंदी किती, भेटी किती, वेळेत पावत्या किती, असं द्या. रुपयांचं अवास्तव उद्दिष्ट गळ्यात पडलं की हुशार माणूस सहा महिन्यांत निघतो आणि थांबतो तो आकडे फुगवणारा.

मानधन वाढत नसेल तरी हे जमतं: प्रवासासाठी कक्षाकडे पंधरा-वीस हजारांची कायम आगाऊ रक्कम, म्हणजे टीए बिल चार महिने अडकलं तरी पोराच्या खिशाला चाट नको. आठवड्यातून अर्धा तास कुलगुरूंची ठरलेली वेळ. वर्षाला एका प्रशिक्षणाचा खर्च. सहायक, समन्वयक, वरिष्ठ समन्वयक, प्रमुख अशा पायऱ्या आणि वर चढायची अट कागदावर. आणि दीक्षान्तात देणगीदाराचा सत्कार होतो तेव्हा ते नातं जपणाऱ्या माणसाला बोलवायचं, त्याला मागं फुलं धरून उभं करायचं नाही.

तरीही माणूस जाईल. तेव्हा सिमकार्ड आणि ईमेल पहिल्या दिवसापासून ऑफिसचे असले पाहिजेत, स्वतःच्या नंबरवरून देणगीदाराशी बोलणं बंद. प्रत्येक मोठ्या देणगीदाराला कक्षातली किमान दोन माणसं चेहऱ्यानं माहीत हवीत. राजीनामा आला की शेवटच्या पंधरा दिवसांत दुसरं काम देऊ नका. वरचे वीस-पंचवीस देणगीदार निवडा, जाणारा आणि येणारा दोघांनी मिळून प्रत्येकाला फोन करायचा, आणि जाणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की पुढे हे बघतील. बाकीच्यांना पत्र. कबूल केलेल्या पण अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींची वेगळी यादी त्याच्या सहीनं घ्या: कुणाला कॅम्पस दाखवायचं म्हटलं होतं, कुणाच्या आईच्या नावाची पाटी लावायची राहिली आहे. पाटीसारखी कामं नवा माणूस रुजू होण्याआधीच उरकून टाका.